विद्यार्थ्यांचा विधी गट कसा चालवायचा? नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश आटोपले की जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुलं-मुली आमच्या रविवारच्या बैठकीला येतात आणि बहुतेक वेळा तेच प्रश्न विचारतात. दुसऱ्या कॉलेजांतूनही फोन येतात : आम्हालाही असा गट काढायचाय, सुरुवात कुठून करू? तोंडी सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून इथे लिहून ठेवतोय. कायद्याची माहिती यात आहेच, पण जास्त भर आहे तो एकदा हाती घेतलेलं काम मध्येच कसं सुटू द्यायचं नाही यावर.

तुम्ही नेमकं करता काय?

लोकांचे कागद वाचतो. "बेटा, हा कागद आला, यात काय लिहिलंय?" हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. मनपाची नोटीस असते, नागपूर सुधार प्रन्यासचं पत्र असतं, कोर्टाचं समन्स असतं, बँकेची वसुली असते, नाहीतर त्रुटी दाखवून परत आलेला अर्ज असतो. कागद वाचायचा, त्यात मुदत आहे का ते आधी बघायचं, उत्तर कोणाला द्यायचं ते शोधायचं, अर्ज लिहायला मदत करायची आणि पोच हातात येईपर्यंत त्या माणसासोबत थांबायचं. वकील लागणार असेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात असलेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत सोबत जायचं.

हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. कोर्टात उभं राहून बाजू मांडायची अशी कल्पना करून ते आलेले असतात. पण गरिबाचं नुकसान बरेचदा कोर्टाच्या पायरीवर पोचायच्या आधीच झालेलं असतं. तीस दिवसांची मुदत एकतिसाव्या दिवशी कळते, अर्जाची पोच घेतलेली नसते, कोऱ्या कागदावर अंगठा दिलेला असतो. तिथे विद्यार्थी खूप काही करू शकतो.

कॉलेजात विधी सहाय्य केंद्र असताना वेगळा गट कशाला?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे लॉ कॉलेजात असं केंद्र असायलाच हवं. ते चालू असेल तर त्याच्याच छत्राखाली काम करा. बसायला खोली मिळते, पत्रांना कॉलेजचं नाव मिळतं आणि जबाबदारी घेणारे प्राध्यापक मिळतात. विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय असो, वारंग्याचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ असो की एखादं छोटं खाजगी कॉलेज, जिथे आहात तिथलीच व्यवस्था आधी हलवून बघा.

आमची अडचण शिबिरांची होती. मंडप पडतो, बॅनर लागतो, दोन भाषणं होतात, पत्रकं वाटली जातात. शिबिरातून माहिती पोचते, ते मला मान्य आहे. पण तिथे हात वर करून प्रश्न विचारणारी बाई पुढच्या महिन्यात कोणाला शोधणार? म्हणून आम्ही एकच गोष्ट धरली : दर रविवारी, त्याच वस्तीत, त्याच समाजभवनाच्या ओसरीवर, सकाळी साडेनऊ ते साडेबारा. पाऊस असो की परीक्षा असो, दोघं तरी बसलेले असतात. पहिले दोन महिने कोणी आलं नाही. तिसऱ्या महिन्यात एक काकू वीजबिल घेऊन आल्या, आणि त्यानंतर लोक येतच राहिले.

'सामाजिक आणि आर्थिक न्याय' म्हणजे तुम्ही राजकीय आहात का?

हे शब्द आम्ही संविधानाच्या उद्देशिकेतून घेतलेत. तिथे न्यायाचे तीन प्रकार सांगितलेत : सामाजिक, आर्थिक आणि राजनैतिक. राजकीय न्याय म्हणजे एक माणूस, एक मत, तो मिळाला. बाकीच्या दोहोंबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत जे बजावलं ते प्रत्येक नव्या सदस्याने मुळातून वाचावं असा आमचा आग्रह असतो. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीने भरलेल्या जीवनात प्रवेश करतोय, राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता, असं त्यांनी सांगितलं होतं. दीक्षाभूमीच्या शहरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पक्षाचं म्हणाल तर आम्ही कोणत्याच पक्षाचे नाही. सदस्याने मत कोणालाही द्यावं, पण ओसरीवर बसताना कोणाच्या गळ्यात दुपट्टा नको. बाजू मात्र आम्ही घेतो. जिची मजुरी कापली तिची बाजू घेतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आम्ही अजून वकील नाही. हे कायद्यात बसतं का?

बसतं, पण मर्यादा ओळखून. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ प्रमाणे सनद असलेल्यालाच वकिली करता येते, आणि सनद नसताना वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ३२ मध्ये एखाद्या प्रकरणापुरती इतर माणसाला परवानगी देण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्याच्या भरवशावर गट चालत नसतो.

म्हणून आम्ही वकीलपत्र घेत नाही, समोरच्या पक्षाला 'नोटीस' पाठवत नाही, ओळख करून देताना फक्त 'विद्यार्थी' म्हणतो आणि कामाचा मोबदला म्हणून कोणाकडून एक रुपया घेत नाही. आणखी एक, जे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही : "काकू, तुमची केस पक्की आहे" असं बोलायचं नाही. आपण सहज बोलून जातो आणि ती बाई त्या वाक्यावर कर्ज काढते.

अर्ज लिहायला मदत करणं, माहिती अधिकार वापरायला शिकवणं, कागदपत्रं गोळा करणं, कार्यालयात सोबत जाणं, इंग्रजी आदेशाचा अर्थ सांगणं, हे सगळं चालतं. अर्ज नेहमी त्या माणसाच्या नावाने असतो आणि सही किंवा अंगठा त्याचाच. विधी सेवा प्राधिकरणाकडून विधी स्वयंसेवक म्हणजे पीएलव्ही म्हणून प्रशिक्षण घेता आलं तर जरूर घ्या. लॉच्या विद्यार्थ्यांना ते घेता येतं, आणि ओळखपत्र असलं की पोलीस ठाण्यात बोलणं जरा सोपं जातं.

कामं कोणत्या प्रकारची येतात?

वस्तीवर अवलंबून आहे. आमच्याकडे जास्त येतात ती सांगतो.

मोलकरणी. पगार न देता कामावरून काढलं, चोरीचा आळ घेतला, दिवाळीच्या तोंडावर कामावरून कमी केलं. नागपुरात विदर्भ मोलकरीण संघटनेने या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलंय, आणि महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ सालचा आहे. १८ ते ६० वयाच्या बाईला मंडळात नोंद करता येते. तरी कित्येकींची नोंदच नसते. आम्ही आधी नोंदणीचे कागद बघतो, मग भांडण.

ठिय्यावरचे मजूर. सकाळी सात-साडेसातला चौकात उभे असतात, जो नेईल त्याच्या मागे जातात. बांधकाम कामगार मंडळात नोंद व्हायची तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. रोज नवा ठेकेदार असलेल्या माणसाला ते कोण लिहून देणार? मधले एजंट याच भीतीवर पैसे उकळतात. आम्ही मजुरांना खिशात मावेल अशी छोटी वही देतो : तारीख, साइट, ठेकेदाराचा फोन, मिळालेले पैसे. एका दादांनी त्या वहीत पाच महिने नोंदी केल्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांची सातवीतली मुलगी रोज रात्री लिहायची. त्या नोंदी पुढे मजुरीच्या तक्रारीतही उपयोगी पडल्या.

मजुरीबद्दल एक सावधगिरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि किमान वेतन अधिनियम, १९४८ सारखे जुने कायदे वेतन संहितेत सामावले गेले. जुन्या थकबाकीच्या प्रकरणात कलम कोणतं टाकायचं हे वकिलांना विचारल्याशिवाय अर्जात लिहू नका. कलम न लिहिता हकीकत नीट लिहिली तर फारसं बिघडत नाही, चुकीचं कलम मात्र अंगाशी येऊ शकतं.

पथविक्रेते. बर्डीवर म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, आठवडी बाजारात, दवाखान्यांच्या भिंतीला लागून. गाडी उचलली की माणूस घाबरून आधी दंड भरतो, कागद मागत नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ मध्ये स्पष्ट आहे की माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत करायचा असतो. हटवण्याआधी तीस दिवसांची नोटीस लागते, आणि सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कोणाला हटवायचं नाही असं कलम ३ सांगतं. हे सगळं एका कार्डावर मोठ्या अक्षरांत छापून आम्ही भाजीवाल्या बायांना दिलं. कार्ड गल्ल्यात ठेवतात. यादी मागितली की समोरच्याचा आवाज थोडा खाली येतो, एवढं आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

पट्टे. झोपडपट्टीतल्या घराचा मालकी पट्टा हा उत्तर आणि पूर्व नागपुरात जिव्हाळ्याचा विषय आहे. पहिला प्रश्न एकच : जागा कोणाची? मनपाची, सुधार प्रन्यासची (नासुप्र), नझूलची (शहरातली सरकारी जमीन), रेल्वेची की खाजगी? ते कळल्याशिवाय अर्ज करू नका, चुकीच्या दारात वर्ष जातं. आखीव पत्रिका (जागा कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी उतारा) काढा, मग बोला. लेआउटमधल्या प्लॉटचं प्रकरण असेल तर आरएल (प्लॉट नियमित केल्याचं नासुप्रचं पत्र) झालंय का ते विचारा.

कौटुंबिक हिंसाचाराचं प्रकरण आलं तर आमच्यातल्या मुली बोलतात, मुलं उठून बाजूला जातात. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जायचं. "जमवून घ्या" हा सल्ला देणारा गटात राहत नाही.

जातीच्या दाखल्याची इतकी कामं का असतात?

कारण दाखला अडला की शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवेश, नोकरी सगळंच अडतं. आणि दाखल्यासाठी मागतात ती गोष्ट गरीब घरात जपून ठेवलेली नसते : साठ ते पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा पुरावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात होतं हे दाखवावं लागतं. तारखा पाठ करा. रोज लागतात.

लोक शहरात पुरावा शोधत बसतात, पण तो बहुधा गावी असतो. आजोबा भंडाऱ्याहून, गोंदियाहून किंवा काटोल-नरखेडकडून आलेले असतात. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, तहसील कार्यालयातलं कोतवाल बुक, जुनी बंदोबस्त मिसल (जमीन आकारणीच्या वेळची नोंद), यांत नाव सापडतं. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असत. एकदा पवनी तालुक्यातल्या एका कुटुंबासाठी आम्ही नक्कल काढली. पिवळट पानाची झेरॉक्स, शाई फिकी, अक्षर मोडीच्या वळणाचं, आणि मध्ये आजीच्या वडिलांचं नाव. आजी वाचू शकत नव्हती. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि "हेच का माझ्या बापाचं नाव?" असं तीनदा विचारलं. मुलीला त्या वर्षी वसतिगृहात प्रवेश मिळाला.

बौद्ध कुटुंबांत एक गोष्ट हमखास निघते. आजोबांच्या कागदावर एक जात, १९५६ नंतर शाळेत गेलेल्या वडिलांच्या कागदावर फक्त 'बौद्ध'. घाबरू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. दोन्ही कागद जोडा आणि वंशावळीच्या शपथपत्रात नाती स्पष्ट लिहा. रक्ताच्या नात्यातल्या कोणाची पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, झाली असेल तर ते प्रमाणपत्र आधी मिळवा, निम्मं काम तिथेच होतं.

आणि जिथे कायदा आड येतो तिथे खरं सांगा. हलबा-कोष्टी समाजातले लोक नागपुरात मोठ्या संख्येने आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मिलिंद प्रकरणात २००० साली दिलेल्या निकालामुळे हलबा-कोष्टींना हलबा जमातीचे लाभ घेता येत नाहीत. महाल-गोळीबार चौकातल्या विणकर घरातला मुलगा समोर बसलेला असताना हे सांगणं जड जातं. तरी सांगायचं, आणि त्याला दुसऱ्या कोणत्या प्रवर्गातून, कोणत्या योजनेतून मदत मिळू शकते ते त्याच बैठकीत शोधायचं.

मोफत वकील कोणाला मिळतो?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ बघा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, मानवी व्यापार किंवा वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळ-जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेले, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात ती ३ लाख रुपये. साध्या कागदावर अर्ज चालतो. हेल्पलाइन १५१००. उच्च न्यायालयातलं काम असेल तर नागपूर खंडपीठाची वेगळी विधी सेवा उपसमिती आहे.

'फुकटचा वकील लक्ष देत नाही' असं लोक म्हणतात. कधी कधी खरं असतं. पण पक्षकारासोबत कागदांची नीट लावलेली फाइल आणि प्रत्येक तारखेला हजर राहणारं कोणीतरी असलं की फरक पडतो. ते कोणीतरी म्हणजे आपण.

तुरुंगात जाऊन काम करता येतं का?

आपल्या मनाने नाही. वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात जायचं तर प्राधिकरणामार्फत, परवानगीनेच. जायच्या आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ वाचा : पहिल्याच गुन्ह्यातला कच्चा कैदी (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतर कैदी निम्मा काळ आत राहिला असेल तर सुटकेचा विचार व्हावा लागतो, काही अपवाद सोडून. पुष्कळदा जामीन मंजूर होतो पण जामीनदार नसतो. घरच्यांचा पत्ता शोधून त्यांना गाठणं हे विद्यार्थ्यांनी करण्याजोगं फार मोलाचं काम आहे.

सुरुवातीला किती जण लागतात? नोंदणी करावी लागते का?

पाच जण पुरेत, पाचही दर रविवारी येणारे हवेत. पन्नास जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपने काही होत नाही. नोंदणीच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. संस्था नोंदवायला किमान सात सदस्य, घटना, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या आणि दरवर्षीचे हिशेब लागतात. काम उभं राहिलं की बघा.

नोंदी कशा ठेवता?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण मी सर्वांत जास्त वेळ यावरच बोलतो.

आमच्याकडे एक लांब, जाड पुठ्ठ्याची वही आहे, दुकानदार जमा-खर्चाला वापरतात तशी. डावीकडे क्रमांक, नाव, वस्ती, फोन. मग कामाची एक ओळ. मग 'आज काय केलं'. शेवटचे दोन रकाने लाल रेघेने वेगळे केलेत : 'पुढची तारीख' आणि 'कोणाकडे'. या शेवटच्या रकान्यात नेहमी दोन नावं असतात. ही दोन नावांची पद्धत आम्हाला महागात पडून सुचली.

गट नवीन होता. कामठी रोडकडच्या एका मावशींचं रेशनकार्डाचं काम होतं. त्यांच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज केला, उत्तर आलं, ते अपुरं होतं. तीस दिवसांत पहिलं अपील करायला हवं होतं. मावशींनी पाकीट आमच्यातल्या एका मुलाच्या हातात दिलं. हिवाळी परीक्षा सुरू झाल्या, तो पेपर संपवून गावी गेला, पाकीट त्याच्या बॅगेत. आम्हा कोणालाच आठवण राहिली नाही. जानेवारीत एका रविवारी मावशी आल्या आणि विचारलं, "बाळा, काही झालं का त्याचं?" मुदत संपून गेली होती. विलंब माफ करण्याचा अर्ज जोडून अपील केलं, पण मावशींचे आणखी काही महिने बाहेरून महाग धान्य घेण्यात गेले. ज्यांच्याकडून चूक झाली त्यात मीही होतो. त्या आम्हाला रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मूळ कागद आम्ही कधीच घेत नाही, झेरॉक्स घेतो आणि मूळ परत देतो. प्रत्येक कामाला दोन जण. आणि बैठक संपताना वही मोठ्याने वाचली जाते : या आठवड्यात कोणाच्या तारखा आहेत.

अर्ज लिहायची काही पद्धत?

एका पानात. वर कोणाला, खाली तारीख आणि सही, मध्ये काय घडलं ते तारखांसह, आणि शेवटी नेमकं काय हवं ते एका वाक्यात. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' लिहू नका. 'जप्त केलेल्या मालाची यादी व माल परत मिळावा' असं लिहा. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही लागत नाही.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय आवक-जावकच्या खिडकीपासून हलायचं नाही. "ठेवून जा, पाहतो" म्हटलं तर नम्रपणे थांबायचं. घेतच नसतील तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवायचं आणि ती पावती वहीत चिकटवायची.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

मराठीत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, कार्यालयांचीही. उच्च न्यायालयात इंग्रजी, तिथे वकील आहेत. बोलताना समोरचा हिंदीत बोलला तर हिंदीत बोला, नागपुरात निम्मी वस्ती दोन्ही मिसळून बोलते. अर्ज झाल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवा. "हो, हेच म्हणायचं होतं मला" असं ऐकू आलं की मगच सही.

पैसे कुठून येतात?

खर्च थोडा असतो : झेरॉक्स, स्टॅम्प, बसभाडं. दर महिन्याला सदस्य वर्गणी काढतात. बाहेरून जाहीर वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तालयाचे नियम लागू होतात, त्यात विद्यार्थ्यांनी पडू नये. ज्याला परवडतं त्याला स्वतःच्या झेरॉक्सचे पैसे देऊ द्या. ते दोन-चार रुपये नाकारले तर लोकांना ओशाळल्यासारखं होतं, आणि काम त्यांचं न राहता आपलं होतं.

वकील मार्गदर्शक कसे मिळवायचे?

कोर्टात जाऊन विचारा. दुपारच्या सुट्टीत बार रूमच्या बाहेर उभं राहून आम्ही अकरा जणांना विचारलं, तिघांनी हो म्हटलं. आम्हाला तिघंच पुरतात. एक नियम पाळा : कामं एकाच वकिलाकडे वळवू नका. गट कोणाचा तरी दलाल आहे असा संशय वस्तीत एकदा पसरला की तो निघत नाही.

फोटो आणि समाजमाध्यमांवर टाकलं तर चालेल?

नाही. कोणाचं प्रकरण, नाव, चेहरा बाहेर जात नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं आणि पॉक्सो म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या प्रकरणात बालकाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. बाकीच्या प्रकरणांत गुन्हा नसला तरी तो विश्वासघात आहे.

जनहित याचिका का करत नाही?

करायची वेळ येते, पण वकिलांच्या हाताने आणि नोंदींच्या जोरावर. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ इथेच आहे, सिव्हिल लाइन्सची ती इमारत पाहून प्रत्येक विद्यार्थ्याला याचिका सुचते. एका वस्तीतली दोनशे घरं, प्रत्येकाचा अर्ज, प्रत्येकाची पोच, न मिळालेलं उत्तर, हे टेबलावर असेल तर याचिकेला वजन येतं. वर्तमानपत्राची कात्रणं जोडून फार पुढे जाता येत नाही.

हिवाळी अधिवेशनात मोर्चे निघतात. गट त्यात उतरतो का?

सदस्य म्हणून ज्याला जायचं तो जातो. गट म्हणून आम्ही यशवंत स्टेडियमजवळ मोर्चेकऱ्यांना निवेदनं लिहायला बसतो. गडचिरोली, यवतमाळहून रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया निवेदनाचा कागद घडी करून कमरेला खोचून आणतात, आणि बऱ्याचदा त्यावर मागणी नीट मांडलेली नसते. त्या कागदाच्या दोन प्रती आणि एक पोच, एवढंच आमचं काम. डिसेंबरचे ते दिवस नव्या मुलांना जे शिकवतात ते वर्गात मिळत नाही.

मी लॉचा नाही. येऊ का?

या. समाजकार्याचे, इंजिनिअरिंगचे, नर्सिंगचे सगळे चालतात. आमची वही संगणकावर आणणारी मुलगी बीसीएची आहे.

अभ्यास बुडतो का?

आठवड्याचा अर्धा दिवस जातो, आणि एखादी सकाळ कार्यालयात. ज्याला दोन्ही झेपत नाही त्याने आधी सांगून दोन महिने थांबावं, वहीत आपल्या नावावर असलेली कामं दुसऱ्याला द्यावीत. न सांगता गायब होणं तेवढं नको.

घरचे वस्तीत जाऊ देत नाहीत.

घरच्यांना एका रविवारी सोबत आणा. आमच्या दोन सदस्यांच्या आया आता स्वतःच येतात, त्यांतल्या एक शिक्षिका आहेत आणि अर्ज आमच्यापेक्षा छान लिहितात. एरवी मुलगी असो की मुलगा, कोणी एकटं वस्तीत किंवा ठाण्यात जात नाही, आणि अंधार पडायच्या आत परत.

उन्हाळ्यात गट बंद असतो का?

नाही, वेळ बदलते. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसात ते दहा, त्यानंतर ओसरीवर उन्हाने थांबवत नाही. गावी जाणाऱ्यांनी आपल्या नावावरची कामं एप्रिलअखेर दुसऱ्यांना द्यायची असतात. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी उसळते, आणि तेव्हा ज्याला कोतवाल बुकाची नक्कल लागेल त्याचा अर्ज तहसीलला मे महिन्यातच जायला हवा.